थ्री-नॉट-थ्री आणि स्वप्नील कुसाळेची रायफल, दोन्ही बोल्ट-अ‍ॅक्शनच. मग फरक काय?

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह ब्राँझ जिंकलं. गडी कोल्हापूर जिल्ह्यातला, पण नेमबाजीचे धडे गिरवले नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. असं पदक आलं की हौशी पोरं विचारतात, "स्वतःच्या मापाची रायफल करून घ्यायची तर अ‍ॅक्शन कोणती चांगली?"

आधी अ‍ॅक्शन म्हणजे काय?

काडतूस नळीत ढकलणारी, मागून बंद करणारी, गोळी झाडणारी आणि रिकामी पुंगळी बाहेर काढणारी यंत्रणा म्हणजे अ‍ॅक्शन. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये हे काम हातानं होतं. दाराची कडी सरकवून फिरवतो ना, अगदी तसं. बोल्टवरचे उंचवटे, म्हणजे 'लग', खाचेत अडकतात आणि स्फोटाचा दाब झेलतात. हे लग कुठे आहेत, यावर बरंच काही ठरतं.

माउझर ९८

१८९८ ची जर्मन रचना. दोन मुख्य लग बोल्टच्या पुढच्या टोकाला, काडतुसाच्या अगदी जवळ. सुरक्षेसाठी मागे तिसरा. त्यामुळे पकड भक्कम. जगभरच्या कितीतरी शिकारी रायफली याच घराण्यातल्या.

ली-एनफिल्ड

आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री ती हीच. हिचे लग मागे. बोल्टचा दांडा साधारण ६० अंशच फिरवावा लागतो, माउझरचा ९०. शिवाय मॅगझिनमध्ये १० काडतुसं. म्हणून ही झपाट्यानं चालते. पण लग मागे असल्यानं गोळी सुटताना बोल्ट किंचित दबतो, आणि अचूकतेच्या खेळात तेवढंही नडतं.

मग ऑलिम्पिकची रायफल?

तिथे पॉइंट टू-टूचं छोटं काडतूस असतं. दाब कमी, त्यामुळे माउझरसारख्या दणकट लगची गरज नाही. काडतूस एकेक करून भरायचं, म्हणून मॅगझिनसाठी अ‍ॅक्शनला खालून भोक पाडावं लागत नाही आणि ती जास्त ताठ राहते. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. ट्रिगर दाबल्यापासून पिन काडतुसावर आदळेपर्यंतचा वेळ जितका कमी, तितकं हात हलल्यामुळे होणारं नुकसान कमी.

थोडक्यात, ताकद हवी तर माउझर, वेग हवा तर एनफिल्ड, आणि पदक हवं तर एकेरी भरायची टू-टू. स्पर्धेच्या रायफलमध्ये 'कस्टम' असतं ते मुख्यतः अ‍ॅक्शनच्या भोवती: गालाचा टेकू, खांद्याची प्लेट, दस्त्याची लांबी.

कारखान्यात बनवून घेता येईल?

नाशिकच्या अंबड-सातपूरमध्ये लेथची कमी नाही, पण तिकडे हा विषय काढूही नका. शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. नुसता सुटा भाग बनवला तरी सुटका नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे भागही येतात.

त्यामुळे क्रम लक्षात ठेवा: आधी क्लब, मग १० मीटर एअर रायफल, त्यानंतर परवाना. अ‍ॅक्शनची निवड सगळ्यात शेवटी, आणि तीही प्रशिक्षकाला विचारूनच.