सर्व्हरचं बारसं केलंत का?

फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हटला की क्लाउडवर दोन व्हर्च्युअल सर्व्हर आलेच. एक मोडतोड करायला, दुसरा सरांना दाखवायला. दोन्हीकडे लॉगिन केलं की स्क्रीनवर दोन काळ्या खिडक्या, आणि दोन्हींत क्लाउड कंपनीनं आपोआप चिकटवलेलं आकड्यांचं लांबलचक नाव. रात्री दीड वाजता कुठली खिडकी कुणाची, सांगा बघू!

हसण्यावारी नेऊ नका. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅबमध्ये असंच झालं. डेटाबेसचे दोन सर्व्हर, डीबी1 आणि डीबी2. रात्री उशिरापर्यंत झगडणाऱ्या इंजिनिअरनं बिघडलेल्या डीबी2वरचं फोल्डर उडवायची कमांड दिली. पण खिडकी होती डीबी1ची, म्हणजे चालू सर्व्हरची! एक-दोन सेकंदांत त्यानं ती थांबवली, तोवर सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबी उरले होते. रोजचा बॅकअप बघायला गेले तर तोही रिकामा. सहा तासांपूर्वी घेतलेली एक कॉपी होती म्हणून निभावलं.

नाव तिथं होतंच की भावा, पण दोन नावांत फरक एका आकड्याचा. नंतर गिटलॅबनं ठरवलं, की प्रॉम्प्टवरच, म्हणजे कमांडच्या आधी दिसणाऱ्या ओळीत, सर्व्हर कुठला ते ठळक कळलं पाहिजे.

हे नाव म्हणजे होस्टनेम. उबंटूवर ते बदलायला 'सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम' आणि पुढं नवं नाव, इतकंच. मग ईटीसी फोल्डरातल्या होस्ट्स फाइलमध्ये 127.0.1.1 समोर तेच नाव लिहा, नाहीतर प्रत्येक सुडोला 'होस्ट सापडत नाही' अशी कुरकुर ऐकावी लागते. बऱ्याच क्लाउडवर रीस्टार्ट केलं की जुनं नाव परत येतं, पोरं इथंच वैतागतात. तो उद्योग क्लाउड-इनिटचा. त्याच्या सेटिंगमध्ये 'प्रिझर्व्ह होस्टनेम' ट्रू केलं की विषय संपला. एक लक्षात असू द्या, यानं तुमची वेबसाइट त्या नावानं उघडणार नाही. तो डीएनएसचा प्रांत.

नाव काय ठेवायचं? 1990 मध्ये संगणकांच्या नावांवर एक आरएफसी निघाला, क्रमांक 1178. त्यात स्वतःचं नाव मशीनला देऊ नका असं सांगितलंय. (तरी आपल्याकडं प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण देतोच.) आपल्याला लांब जायला नको. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सरस्वती या पंचगंगेच्या पाच नद्या आहेत की! पुढं हायफन टाकून काम लिहा: कासारी-टेस्ट, भोगावती-लाइव्ह. लाइव्हचा प्रॉम्प्ट लालभडक करा. नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच चालतं, अंडरस्कोर नाही. आणि भोगावतीला 'व्ही' की 'डब्ल्यू', हे भांडण ग्रुपमध्ये आधीच मिटवा.

गुप्त सरस्वती बॅकअपला ठेवा. फक्त तिच्यात पाणी आहे का, हे अधूनमधून उघडून बघा.