बर्फावरील हॉकी व हरावयाची सवड

करवीरकरांस बर्फ ठाऊक आहे तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा. पंचगंगेचें पाणी गोठावें आणि त्यावर कोणी खेळावें, ही कल्पनाही आपणांस करवत नाहीं. तथापि आपल्याच देशांतील कांहीं मुली अशा गोठलेल्या पाण्यावर हॉकी खेळतात, आणि २०२५ सालीं त्यांनीं आशियाई स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. त्यांची हकीकत घरांतील सर्वांनीं एकत्र बसून वाचण्याजोगी आहे. कारण तींतून आपल्याला आपल्या घराविषयींही कांहीं उमजतें.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊं. प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह सहा जणी असतात. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातांत लांब काठी, आणि चेंडूऐवजीं तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची घट्ट रबराची चकती. वीस-वीस मिनिटांचे तीन खंड. वेग इतका विलक्षण कीं खेळाडू मिनिटाच्या आंतच दमतात. म्हणून खेळ चालू असतांनाच त्यांची अदलाबदल होत राहाते.

स्त्रियांच्या जागतिक अजिंक्यपदाचे सामने १९९० सालीं कॅनडांतील ओटावा येथें सुरू झाले. कॅनडा व अमेरिका हे देश या खेळांत पूर्वीपासून इतके पुढें आहेत कीं, त्यांच्यासमोर नवशिक्या संघाला उभें करणें म्हणजे त्याला शिक्षाच ठोठावणें होय. म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघानें पायऱ्या पाडिल्या. सर्वांत वरचा वर्ग, त्याखालीं पहिला, दुसरा, तिसरा. खालच्या वर्गांतील तुल्यबळ संघ एका गांवीं जमतात, आठवडाभर आपसांत खेळतात. पहिला येईल तो वर चढतो, शेवटचा खालीं उतरतो. आशियांतील नवख्या देशांसाठींही अशीच वेगळी स्पर्धा आहे.

कोल्हापुरास ही रीत समजावून सांगावयास नको. जत्रेच्या मैदानांत पोरांच्या कुस्त्या आधीं रेवड्यांवर लागतात आणि नामांकित मल्लांची निकाली कुस्ती शेवटीं होते. रेवडीच्या कुस्तीला शहाणा प्रेक्षक हंसत नाहीं. उद्यांचा मल्ल तेथेंच पाठीला माती लावून घेत असतो, हें त्याला ठाऊक असतें.

आपला देश १९८९ सालीं या महासंघाचा सभासद झाला. पण स्त्रियांचा संघ प्रथम परदेशीं गेला तो २०१६ सालीं, तैपेई येथें. त्यांतील बहुतेक मुली लडाखच्या. लेह शहर साडेअकरा हजार फूट उंचीवर. तेथील तळीं हिंवाळ्यांत गोठतात व जेमतेम दोन महिने खेळण्याजोगीं राहातात. उरलेले दहा महिने कोरड्या जमिनीवर सराव. साहित्य पुष्कळदां जुनें, नाहीं तर उसनें. यांपैकीं नूर जहाँ ही गोलरक्षक व्यवसायानें प्राचीन चित्रांचें जतन करणारी आहे. एका हातानें शतकांपूर्वीचे रंग जपावयाचे आणि दुसऱ्या हातानें सुसाट येणारी चकती अडवावयाची, असा तिचा दुहेरी उद्योग!

तैपेईस हा संघ तीनही सामने हरला. पुढच्या वर्षीं बँकॉकला जाण्यासाठीं लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. तेथें मात्र फिलिपाइन्सच्या संघाचा त्यांनीं ४-३ असा पराभव केला. भारतीय स्त्रियांचा हा या खेळांतील पहिला आंतरराष्ट्रीय विजय. त्यानंतर आठ वर्षांनीं, २०२५ च्या जूनमध्यें, संयुक्त अरब अमिरातींतील अल ऐन येथें त्सेवांग चुस्कित हिच्या नेतृत्वाखालीं संघानें आपलें पहिलें पदक मिळविलें. आणि त्या स्पर्धेंत सुवर्णपदक कोणास मिळालें? त्याच फिलिपाइन्सला! बँकॉकला आपणांकडून हरलेला देश आठ वर्षांत आपल्याही वर गेला. त्या पराभवानें त्यांचा खेळ संपला असता, तर हें सुवर्ण त्यांना कोठून दिसतें?

आतां आपल्या घराकडे वळूं. मुलगा परीक्षेंत घसरला तर आपण त्यास आणखी एक वर्ष देतों. व्यापारांत बुडाला तर काका-मामा पुन्हां भांडवल उभें करून देतात. हें योग्यच आहे. पण मुलगी पहिल्याच स्पर्धेंत हरून आली, कीं आजीपासून आत्यापर्यंत सर्वांचा निकाल एकच: “हौस फिटली ना? आतां पुरे.” त्यांतून दहावीचें वर्ष आलें, कीं खेळाचे बूट माळ्यावर जातात ते कायमचे. यांत कोणाचा दुष्टावा नसतो, मायाच असते. परंतु त्या मायेनें मुलीला जिंकण्याची एकच संधि मिळते, हरावयाची सवड मात्र मिळत नाहीं.

आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिनें २०१० सालीं म्यूनिक येथें नेमबाजींत जागतिक सुवर्णपदक जिंकलें, तेव्हां साऱ्या गांवानें तिचें कौतुक केलें. पदकानंतर कौतुक करणें सोपें आहे. त्याआधींचीं जीं वर्षें असतात, त्यांत पदक नसतें, वर्तमानपत्रांत नांव नसतें. खर्च मात्र असतो. तीं वर्षें घरानेंच निभावून न्यावीं लागतात.

सर्वच मुली जगज्जेत्या होणार नाहींत, व्हावयासही नकोत. पण हरूनही दुसऱ्या दिवशीं सरावास जाणें हा धडा त्यांना पुढें संसारांत व नोकरींतही उपयोगीं पडेल. तेव्हां यापुढें घरांतील एखादी मुलगी हरून, मान खालीं घालून दारांत उभी राहिली, तर तिला आधीं पोटभर जेवावयास वाढावें, आणि पान आटोपल्यावर शांतपणें विचारावें, “पुढचा सामना केव्हां आहे?”