परळची वाट आणि डेरवणचे ठाणे

"टाटाला नेलंय" एवढे ऐकले की रत्नागिरी जिल्ह्यातील माणूस पुढचा प्रश्न विचारीत नाही. रोग कोणता, हे त्यात आले. तो बराच पुढे गेला असावा, हे आले. घरातील एक कर्ता माणूस कामधंदा टाकून सोबतीला गेला असणार आणि एखादा दागिना किंवा कलमांची बाग गहाण पडण्याची वेळ जवळ आली असणार, हेही आले. दोन-तीन पिढ्यांच्या अनुभवाने हे दोन शब्द इतके भरून गेले आहेत की, ज्या संस्थेच्या नावाने ते उच्चारले जातात तिचा आणि या जिल्ह्याचा संबंध कसा जुळला, याचा विचार करण्याचे कोणाला सहसा सुचत नाही.

लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या आणि पुढल्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या नावच्या विश्वस्त निधीतून परळ येथे उभ्या राहिलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांच्या हस्ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाले, तेव्हा तेथे ८० खाटा होत्या. १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेले. परळची जागा मुक्रर करताना कोकणाचा विचार कोणाच्या मनात असेल असे मानण्यास आधार नाही. परंतु गिरण्यांच्या भोंग्यांवर जगणाऱ्या ज्या वस्तीत हे रुग्णालय उभे राहिले, तिच्यात त्या काळच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजचा सिंधुदुर्ग ज्यात १९८१ पर्यंत मोडत असे त्या जिल्ह्यातून, आलेल्या कामगारांचा भरणा फार मोठा होता, आणि त्यामुळे देशातील कर्करोगाचे सर्वांत मोठे रुग्णालय चाकरमान्याच्या खोलीपासून पायी जाण्याच्या अंतरावर येऊन बसले. घाटावरच्या, विदर्भातल्या किंवा बिहारातल्या रोग्याला जे कधी लाभले नाही, ते कोकणच्या रोग्याला अनायासे लाभले: रुग्णालयाच्या शेजारी आपला माणूस.

या लाभाची किंमत कळण्यासाठी उपचाराची रीत ठाऊक असली पाहिजे. शस्त्रक्रिया एकदा होते. पण किरणोपचार, ज्याला आपल्याकडे सर्रास 'शेक देणे' म्हणतात, तो आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा-सात आठवडे चालतो. प्रत्येक बैठक काही मिनिटांची. यंत्राखाली निजायचे, उठायचे, घरी जायचे. घर जर गुहागरला असेल तर त्या काही मिनिटांसाठी रोग्याला दीड-दोन महिने मुंबईत मुक्काम ठोकावा लागतो, आणि त्याच्या सोबत्यालाही. हा मुक्काम लालबाग-परळच्या चाळींनी कित्येक वर्षे फुकट दिला. दहा बाय बाराच्या खोलीत आधीच सात-आठ माणसे असत, गावकीने भाड्याने घेतलेल्या गाळ्यात तर पथारी टाकण्यासाठी पाळ्या लागत. तरीही गावाहून आलेल्या रोग्याला भिंतीकडची जागा मिळे, त्याच्यासाठी बिनतिखटाची पेज वेगळी शिजे आणि रात्रपाळीहून परतलेला कोणी भाचा किंवा चुलतभाऊ सकाळी त्याला रांगेत उभा करून मग झोपायला जाई. या सेवेची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. टाटा रुग्णालयाच्या कीर्तीचा काही अंश या चाळींच्या खात्यावर जमा करावयास हवा, असे माझे मत आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने ती व्यवस्था हळूहळू मोडली. चाळींच्या जागी मनोरे आले, चाकरमानी विरार, बदलापूर, दिव्याकडे सरकला आणि परळची खोली रोग्याच्या हिशेबातून निघून गेली. तिची जागा धर्मादाय संस्थांनी जमेल तशी भरून काढली. परळची नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून हेच काम करीत आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. पण या सर्वांच्या खोल्या एकत्र केल्या तरी भारतभरातून येणाऱ्या रोग्यांना पुरत नाहीत, आणि रुग्णालयाच्या भिंतीलगत पदपथावर चटई टाकून बसलेली कुटुंबे परळमध्ये कोणाही जाणाऱ्या-येणाऱ्यास दिसतात. रेल्वे मात्र एक उपकार करते: रुग्णालयाचा दाखला जोडला असता उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्यास शयनयान आणि तिसऱ्या वातानुकूलित वर्गात पूर्ण भाडे माफ आहे, सोबत्यास तीन-चतुर्थांश. हा दाखला पहिल्याच भेटीत मागून घ्यावा. तो मागावयाचा असतो हे पुष्कळांना उपचार संपत आल्यावर कळते.

परंतु परळपर्यंत पोहोचण्याआधीच जो काळ वाया जातो, त्याचे काय? आपल्याकडे दुखणे अंगावर काढण्याचे एक पंचांगच ठरलेले आहे. स्तनात गाठ लागली, तर "आंबा उतरला की बघू". आंबा उतरतो तो लावणी येते. लावणी आटोपते तो गौरी-गणपती. मग कापणी, मग मोहोराची फवारणी, मग शिमगा. यात आळस नाही आणि अज्ञानही वाटते तितके नाही. ज्या जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीप्रमाणे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, म्हणजेच ज्या जिल्ह्यातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाहेर आहे, तेथे शेत, गुरे, सासू-सासरे आणि पोरे या चारही खात्यांची जबाबदारी एकाच बाईवर असते; तिने मुंबईस जावयाचे ठरवले तर तिच्या जागी उभे राहावयास दुसरे माणूस नसते. दुखणेही बहुधा तिला सवड देते. स्तनातील गाठ किंवा गर्भाशयमुखाचा प्रारंभीचा विकार दुखत नाही, आणि जे दुखत नाही त्यासाठी कोकणातली बाई एसटीचे भाडे खर्च करीत नाही.

त्यात मशेरीची भर. तंबाखूची पाने तव्यावर टाकून पार काळी होईपर्यंत भाजायची, धुराने घरभर खोकला उठतो तिकडे लक्ष द्यायचे नाही, मग ती चुरून पूड करायची आणि डबीत भरून ठेवायची, ही कृती कोकणातल्या चुलीपाशी मुलींनी आपल्या आईला आणि आजीला करताना पाहिली. सकाळी दात घासण्याच्या मिषाने ती हिरड्यांवर फिरते. नंतर दुपारी जेवणावर, संध्याकाळी कामावरून आल्यावर, आणि कित्येकींच्या बाबतीत ती दाढेशी तशीच राहते. हिला व्यसन म्हटले तर बायका रागावतात. पुरुषांचा गुटखा आणि सुपारी वेगळी. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. पुड्या कशा मिळतात हे टपरीवाल्यास विचारावे.

या सर्व अडचणींचे मूळ घराच्या उंबरठ्याच्या आत आहे, म्हणून उत्तरही उंबरठ्यापर्यंत यावयास हवे होते. ते आले ते चिपळूण तालुक्यातील डेरवण या गावाहून. मुंबई-गोवा महामार्गावर सावर्ड्यापासून आत वळले की लागणारे हे गाव बाहेरच्यांना शिवसृष्टीमुळे माहीत आहे. शाळांच्या सहली तेथे येतात आणि परत जातात. दिगंबरदास महाराज, म्हणजे विठ्ठलराव जोशी, यांच्या नावाने स्थापन झालेल्या ट्रस्टने तेथे बी. के. एल. वालावलकर रुग्णालय उभारले आणि २०१५ साली त्यास वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. माळरानावरच्या रुग्णालयाने खाटा मांडून रोग्याची वाट पाहावी, हा सोपा मार्ग होता. त्याऐवजी या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत टाटा स्मारक केंद्राच्या प्रतिबंधक विभागाशी हात मिळवून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या खेड्यांत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन ठिकाणच्या कर्करोगांची तपासणी नेण्याचे काम येथून चालले. तीनच का, याचे उत्तर सरळ आहे: हे तिन्ही अवयव यंत्रावाचून, डोळ्यांनी आणि हाताने, तपासता येतात.

तपासणीचा प्रकार जवळून पाहण्यासारखा असतो. शाळेची किंवा देवळाच्या सभामंडपाची जागा, पडद्यासाठी बांधलेली साडी, एक टेबल, एक विजेरी. "काकी, आ करा बघू." काकींना तोंडात काही झालेले नसते, तसे त्या ठासून सांगतात. गालाची आतली बाजू बोटाने ताणून, जीभ कापडात धरून एकीकडे ओढून, जिभेखाली आणि दाढेमागे प्रकाश टाकला जातो. पुसून न निघणारा पांढरा चट्टा किंवा मखमली लाल डाग शोधावयाचा असतो. तरण्या पोरांना आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक ठेवून तोंडात घालावयास सांगतात. सुपारीने गालाचे आतले अस्तर आखडले असेल तर दोनच जातात, आणि तोपर्यंत थट्टा करणारा पोरगा गप्प होतो. पडद्याआड गर्भाशयमुखास सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे साधारण लोणच्याच्या व्हिनेगरच्या तोडीचा द्राव, लावून एक मिनिट थांबतात. बिघडलेली त्वचा तेवढ्यात पांढरी पडते. निकाल त्याच बैठकीत हाती येतो, हा या पद्धतीचा मोठा गुण, कारण "पुढच्या आठवड्यात रिपोर्ट न्यायला या" म्हटलेली बाई पुढच्या आठवड्यात येत नाही.

इतक्या साध्या उपायाचा उपयोग होतो काय, अशी शंका शहरातील डॉक्टरांनाही होती. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ साली सुमारे दीड लाख स्त्रियांवर चाचणी आरंभली. तपासणी करणाऱ्या स्त्रियांजवळ वैद्यकीय पदवी नव्हती, चार आठवड्यांचे शिक्षण होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०२१ साली स्तनांच्या हस्ततपासणीचेही फळ कळले: पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी, त्याखालच्या वयात फरक नाही. मात्र बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साहाय्याने उस्मानाबाद जिल्ह्यात झालेल्या अशाच मोठ्या चाचणीत, जिचा अहवाल २००९ साली आला, व्हिनेगरच्या पद्धतीने निश्चित असा फरक दिसला नाही. तेथे गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्यामुळे होतो त्या विषाणूच्या, आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. व्हिनेगरची भिस्त पाहणाऱ्याच्या नजरेवर आहे आणि नजर थकते, हे त्याचे एक कारण असू शकते. या विषाणूवरची लस पुण्याच्या सीरम संस्थेने २०२३ साली बाजारात आणली आहे. मुलीला ती योग्य वयात मिळाली, तर तिच्यावर परळची वाट धरण्याची पाळी येण्याचा संभव पुष्कळच कमी होईल.

डेरवणच्या कामाबरोबर आणखी एक काम दोन्ही जिल्ह्यांत चालते, ज्याकडे वर्तमानपत्रांचे लक्ष सहसा जात नाही: टाटा स्मारक केंद्राची कर्करोग-नोंदणी. भारतातील पहिली अशी नोंदवही १९६३ साली मुंबईत उघडली, ग्रामीण भागातील पहिली १९८७ साली बार्शीस. नोंदणीचे कारकून स्वस्थ बसून कागदाची वाट पाहत नाहीत. ते रुग्णालये, प्रयोगशाळा आणि जन्म-मृत्यूच्या कचेऱ्या फिरून नावे उतरवून घेतात आणि एकच इसम दोनदा नोंदला गेला नाही याची खातरजमा करतात. रत्नागिरीत या कामाला एक खास गुंतागुंत आहे. येथला रोगी परळला नोंद करताना पत्ता देतो तो मुंबईच्या मुलाचा, कारण निरोप तेथे लवकर पोहोचतो. नियम असा की जेथे माणूस निदान वर्षभर राहत आहे तेथलाच तो धरावा. तेव्हा मुंबईच्या पत्त्यावरचा लांज्याचा माणूस शोधून काढणे आणि लांज्यास औषधे घेत पडून असलेला मुंबईचा निवृत्त गिरणीकामगार वगळणे, ही दोन्ही कामे करावी लागतात. चाकरमान्यांच्या जिल्ह्याची आकडेवारी काढणे किती कटकटीचे आहे, हे त्या कारकुनास विचारावे.

उणीव कोठे आहे, तर शेवटच्या टप्प्यात. "आता घरी न्या" असे सांगून पाठविलेल्या रोग्याच्या वेदनांची तजवीज डोंगर-उतारावरच्या वाडीत कोणी करावी, याचे समाधानकारक उत्तर जिल्ह्याजवळ नाही. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून असे रोगी सांभाळते. देशातील ते पहिले. मॉर्फिनच्या गोळीवरील जाचक परवान्यांची अट केंद्राने २०१४ साली कायदा दुरुस्त करून सैल केली, तरी गोळी तालुक्याच्या गावी सहज मिळेल याची शाश्वती नाही. तोवर सुनेने रात्री तीनला उठून पाठ चोळून द्यायची आणि सकाळी गोठ्यात जायचे, हाच उपचार. काळजी घेणाऱ्या माणसाची प्रकृती विचारण्याची पद्धत आपल्या एकाही केसपेपरात नाही. तेवढा एक रकाना वाढविण्यास खर्च येणार नाही.

२०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात दिवसभराच्या उपचाराचे कर्करोग केंद्र काढण्याचे जाहीर झाले आहे. पहिल्या वर्षी २०० केंद्रांचा संकल्प होता. किरणोपचाराला जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली, भौतिकशास्त्रज्ञ आणि अणुऊर्जा नियामकाचा परवाना लागतो, तेव्हा तो सर्वत्र होणार नाही. परंतु शिरेतून द्यावयाची पुष्कळशी औषधे सकाळी सुरू करून दुपारपर्यंत संपविता येतात. मंडणगड ते राजापूर एवढ्या लांब जिल्ह्यात ज्याची वस्तीची गाडी साडेपाचला सुटते, त्याची सलाईन सहाला संपली तर त्याने रात्र रत्नागिरीच्या स्थानकावर काढावयाची आहे. सबब या केंद्रांच्या वेळा ठरविण्याच्या बैठकीस शल्यचिकित्सकांबरोबर एसटीच्या आगार व्यवस्थापकासही बोलवावे.