डोळ्यांत टॉर्च का मारतात?

"सिस्टर, पोरगा बेशुद्ध पडलाय आणि तुम्ही त्याला चिमटे काढताय?" देहूरोडच्या एका आईने आयसीयूच्या दारात आम्हाला विचारलं होतं. मुलगा चाकणला कंपनीत. सेकंड शिफ्ट सुटल्यावर गाडी घसरली, डोकं आपटलं. हेल्मेट नव्हतं. उठून घरी आला, जेवला, डोकं दुखतंय म्हणत झोपला. सकाळी उठेना. शेजारी म्हणाले, जास्त झाली असेल. पोरगा दारूला शिवत नव्हता. या एका वाक्यात दोन तास गेले.

कवटीच्या आत रक्त हळूहळू साचतं. माणूस काही तास बोलतो-चालतो, मग दाब वाढून मेंदू दबतो. डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटका, बरळणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, एका बाजूचं हात-पाय ढिले पडणं, झोपेतून नीट न उठणं, यातलं एकही दिसलं तर थांबू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. मान हलवू नका, तोंडात पाणी घालू नका. प्यायलेल्या माणसालाही हेच लागू. त्याच्याच बाबतीत सगळ्यांची फसगत होते.

आता चिमट्याबद्दल. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी शुद्ध मोजायची पट्टी काढली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, एकूण १५. सगळ्यात कमी ३, शून्य नाही. ८ किंवा त्याखाली गेला की श्वासनलिका सांभाळायला नळी लागू शकते. आधी हाक मारायची. ओ दिली नाही तरच खांद्याचा स्नायू दाबायचा. हात तिथे येऊन आमचा हात झटकू पाहत असेल तर हालचालीचे ५. हात-पाय ताठ लांब झाले तर २. टॉर्च मारतो ती बुबुळासाठी: एक मोठी झाली आणि उजेडाला आकसत नसेल तर मेंदूवर दाब वाढल्याची शंका. एकदाच्या आकड्याला फार अर्थ नसतो, तो उतरतोय का हे बघायचं. म्हणून रात्रीही तासातासाला. नळी असली की बोलण्याचे गुण देता येत नाहीत, झोपेच्या औषधात आकडा फसवतो.

"माझा हात दाबला" असं नातेवाईक आनंदाने सांगतात. तान्हं बाळही बोट धरतं. म्हणून आम्ही "सोड" म्हणतो, "दोन बोटं दाखव" म्हणतो. तेही त्याच्या भाषेत. बिहारच्या कामगाराला मराठीत विचारून गुण कापलेले आम्ही पाहिलेत.

इथे घरच्यांचं काम येतं. ऐकू कमी येतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पाय पोलिओचा आहे, साखरेचं किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू आहे, हे न विचारता सांगा. साखर फार उतरली तरी माणूस बेशुद्ध होतो. विहारातल्या बैठकीत आम्ही हे सांगतो, तेव्हा बाया औषधाच्या पिशव्याच घेऊन येतात.

त्या मुलाचं ऑपरेशन झालं. झोपेचं औषध बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी आईला आत घेतलं. आमच्या हाकेला हलत नव्हता. तिने घरच्या नावाने हाक मारली, पापण्या उघडल्या. त्या तासाला तक्त्यात डोळ्यांपुढे २ च्या जागी ३ लिहिलं.