तापट यंत्राबरोबरचा संसार

लॅपटॉपबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ असते: वापरण्याजोगं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस. बऱ्याच कंपन्यांचा आकडा हाच किंवा याच्या आसपासचा असतो. अकोल्यात, जळगावात किंवा चंद्रपुरात राहणाऱ्याने ही ओळ मनावर घेतली, तर मार्चअखेरपासून मृगाच्या पावसापर्यंत दुपारी लॅपटॉप उघडायलाच नको. पण परीक्षा, प्रोजेक्ट आणि सुट्टी हे सगळं याच महिन्यांत येतं. मग तो उघडला जातो, पंखे घोंघावायला लागतात आणि कीबोर्डच्या वरची पट्टी बोट टेकवू देत नाही.

गेमिंग लॅपटॉपची ओळख नेहमी त्याच्या पहिल्या आठवड्यावरून करून दिली जाते. अमुक गेम किती फ्रेम्सने चालला, पडदा किती तेजस्वी, कळांखालचे दिवे किती रंगांचे. घेणाऱ्याच्या घरात मात्र तो पाच, सात, कधी आठ-नऊ वर्षं राहतो. एवढ्या सहवासात एक गोष्ट कळते, की चिप सहसा म्हातारी होत नाही. आठ वर्षांपूर्वीचा धडधाकट प्रोसेसर आजही तीच गणितं त्याच वेगाने करू शकतो. म्हातारं होतं ते तिच्याभोवतीचं सगळं. पेस्ट वाळते, पंखा कुरकुरतो, बॅटरी फुगते, बिजागरी उखडते आणि सरतेशेवटी सॉफ्टवेअर पाठ फिरवतं. यातलं शेवटचं सोडलं, तर बाकी सगळं बऱ्याच अंशी मालकाच्या हातात असतं. या यंत्राबद्दल मला मुख्य सांगायचं आहे ते हेच.

२०१७-१८ची पिढी डोळ्यांसमोर ठेवू, कारण तिचं बहुतेक आयुष्य आता पाहून झालं आहे. इंटेलचा चार कोअरचा ७७००एचक्यू प्रोसेसर, एनव्हिडियाचं ४ जीबी मेमरीचं जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, साडेपंधरा इंचांचा पडदा. किंमत पाऊण लाखाच्या आसपास. कॅपच्या फेऱ्या संपून इंजिनिअरिंगची किंवा आर्किटेक्चरची जागा पक्की झाली, की असा लॅपटॉप हप्त्यांवर घरी यायचा. घरी सांगितलेलं कारण ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, ब्लेंडर हे असायचं आणि ते खोटं नसायचं. एनव्हिडियाने २००७ साली बाजारात आणलेल्या कुडा प्रणालीमुळे हेच कार्ड गेमच्या पलीकडची गणितंही करतं. ज्या कार्डावर रात्री जीटीए चालायचं, त्याच्यावरच दुसऱ्या दिवशी मशीन लर्निंगचा पहिला प्रयोग चालवता यायचा. मध्यमवर्गीय घरातल्या मुलामुलींच्या हाती इतकी सक्षम कार्यशाळा दुसऱ्या कुठल्या वस्तूने दिली असेल, असं मला वाटत नाही. ‘गेमिंग’ या शब्दाकडे नाक मुरडणाऱ्या पालकांना हे आवर्जून सांगायला हवं.

आता उष्णतेकडे वळू. प्रोसेसरची आखलेली उष्णताच ४५ वॉटची, कार्डाची साधारण तेवढी किंवा त्याहून जास्त. अशा अनेक यंत्रांबरोबर १३५ वॉटचा अडॉप्टर यायचा. पूर्ण भाराखाली त्याने एक युनिट जाळायला साधारण सात-साडेसात तास लागतात. बिलाच्या दृष्टीने हे फार नाही. पण ही सगळी वीज सरतेशेवटी उष्णता होऊन एका चपट्या खोक्यातून बाहेर पडायची असते. ते काम करतात तांब्याच्या चपट्या नळ्या. नळी आतून पोकळ, हवा काढून टाकलेली आणि आत अगदी थोडं पाणी. दाब कमी असल्यामुळे ते शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं. वाफ चिपकडून पंख्याकडच्या टोकाला धावते, तिथे निवून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत माघारी येते. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी प्रत्यक्षात आणली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अंतराळातली ऊर्जायंत्रं होती. एकही हलता भाग नसलेली ही व्यवस्था वर्षानुवर्षं न कुरकुरता चालते, आणि ती पाहून मला आजही मनापासून नवल वाटतं.

तिला एकच गोष्ट जमत नाही. उष्णता खोलीतल्या हवेत सोडण्यापलीकडे तिच्यापुढे मार्ग नसतो. खोली २५ अंशांऐवजी ४० अंशांची झाली, की चिपही ढोबळमानाने तेवढेच पंधरा अंश वर सरकते. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची. ती गाठली की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत धावू शकणारी चिप मग २.८ वर, कधी त्याच्याही खाली येते, आणि गेम ऐन मोक्याच्या क्षणी अडखळतो. ‘लॅपटॉप स्लो झाला, आता नवीन घ्यायला हवा’ ही तक्रार बहुतेक वेळा याच अडखळण्याची असते.

त्याच्या मुळाशी बहुधा दोन क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी सापडतात. पहिली धूळ. पंखा आणि जाळीच्या पात्या यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत सुती कपड्यांचे तंतू, केस, पिठाची आणि उदबत्तीची धूळ साचून दाट थर बसतो. तो बाहेरून दिसत नाही. खालचं झाकण उघडून पंखा बाजूला केला की अख्खी पट्टी निघून येते. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग दुखावतं. लोक ही सफाई दिवाळीला काढतात. माझ्या मते तिची खरी वेळ होळीच्या आसपासची, उन्हाळा चढण्याआधीची. आणि गादीवर ठेवून गेम खेळणं तर कोणत्याच ऋतूत नको, कारण हवा आत घ्यायची भोकं तळाशी असतात. मागच्या कडेखाली दोन वह्या सरकवल्या, तरी पंख्याच्या आवाजातला फरक लगेच कानाला जाणवतो.

दुसरी गोष्ट पेस्ट. चिप आणि तांब्याचा पृष्ठभाग यांच्यातल्या सूक्ष्म फटी भरणारी ही राखाडी पेस्ट दर वेळी चिप तापली-निवली की थोडी थोडी कडेला ढकलली जाते, आणि दोन-तीन वर्षांत मधोमध कोरडे डाग उरतात. सर्व्हिसिंगवाले नवी पेस्ट लावून देतात. पण अलीकडे हनीवेलच्या पीटीएम ७९५० नावाच्या पातळ पॅडने जाणकारांची मनं जिंकली आहेत. तो साध्या तापमानाला घट्ट असतो, ४५ अंशांच्या सुमारास मऊ होऊन फटींत बसतो आणि पेस्टसारखा बाहेर ढकलला जात नाही. माझं मत विचाराल तर जुन्या गेमिंग लॅपटॉपवर इतक्या थोड्या पैशांत इतका गुण देणारा दुसरा खर्च नाही.

सॉफ्टवेअरनेही ताप उतरवता येतो. कारखान्यात प्रत्येक चिपला सुरक्षिततेसाठी गरजेपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज नेमून दिलेलं असतं. ते जपून कमी केलं, तर वेग तसाच राहून तापमान काही अंशांनी उतरतं. पण डिसेंबर २०१९मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाली. व्होल्टेजशी खेळून प्रोसेसरच्या राखीव कप्प्यातली गुपितं फोडता येतात, असं संशोधकांनी दाखवून दिलं, आणि त्यानंतर अनेक कंपन्यांनी बायोसच्या अपडेटमधून ही सोयच बंद केली. सुरक्षेचं कारण खरं होतं, पण घरी बसून गेम खेळणाऱ्याच्या हातातून एक चांगलं हत्यार गेलं. फ्रेम्सवर मर्यादा घालणं मात्र अजूनही सगळ्यांना जमतं. ज्या पडद्यावर सेकंदाला ६० चित्रंच दिसू शकतात, तिथे कार्डाला ११० काढायला लावणं म्हणजे केवळ खोली तापवणं. शिवाय दोन खोल्यांच्या घरात रात्री एकाला गेम आणि दुसऱ्याला झोप हवी असेल, तर फ्रेम्स आवळल्याने पंखाही नरमतो आणि तंटाही.

बॅटरीचं दुखणं निराळं. गेमिंग लॅपटॉप जवळजवळ कायम चार्जरला लावलेला असतो, कारण कार्डाला लागणारी पूर्ण ताकद बॅटरी देऊ शकत नाही. प्लग काढला की वेग पडतो आणि तासा-दीड तासात यंत्र मान टाकतं. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत, सतत शंभर टक्के भरलेलं राहणं आणि उष्णता. इथे दोन्ही एकत्र येतात. म्हणून बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती पहिल्याच दिवशी चालू करावी. लाइट जाते तेव्हा हीच बॅटरी यूपीएसचं काम करते. ती मेली, की विजेने क्षणभर जरी डोळा मिटला तरी न साठवलेलं ड्रॉइंग गेलंच. टचपॅड एका बाजूने उचलल्यासारखं वाटलं किंवा तळ टेबलावर सपाट बसेनासा झाला, तर बॅटरी फुगली आहे असं समजून त्याच दिवशी वापर थांबवावा. टोचून पाहण्याचा मोह धोक्याचा आहे, कारण ती पेट घेऊ शकते.

उष्णतेखेरीज ओलावाही यंत्राला छळतो. कोकणात आणि गोव्यात दमट, खारी हवा जोड गंजवते. यंत्र अधूनमधून चालवलं की त्याच्या उबेने आतला ओलावा जातो, म्हणून तिथली यंत्रं पावसाळ्यात महिनोन्‌महिने कपाटात बंद ठेवलेली बरी नाहीत.

बिजागरीबद्दल थोडक्यात. पडद्याची घट्ट बिजागरी प्लॅस्टिकमध्ये रोवलेल्या इवल्या पितळी नटांवर तोललेली असते. एकाच कोपऱ्याला धरून झाकण उघडण्याची सवय या नटांना उखडून काढते. मधोमध धरून उघडलं, तर ती बरीच वर्षं टिकते.

आणि हे सगळं मोडलंच, तर आपल्याकडे दुरुस्तीची मोठी परंपरा आहे. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, किंवा पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. बॅटरी मागितली की पहिला प्रश्न येतो, ‘ओरिजिनल पाहिजे की कंपॅटिबल?’ अधिकृत केंद्र जिथे अख्खा मदरबोर्ड बदलायला सांगतं, तिथे चिप लेव्हलचं काम करणारा कारागीर सूक्ष्मदर्शकाखाली जळालेला एक इवला भाग शोधून काढतो आणि तेवढाच बदलतो. या माणसांचं कौशल्य मला कुठल्याही कारखान्यातल्या अभियंत्याइतकंच आदराचं वाटतं.

२०१७-१८च्या पिढीचं सर्वांत मोठं भाग्य म्हणजे ती उघडता येत होती. रॅमचे दोन स्लॉट, डिस्कची वेगळी जागा, बऱ्याच यंत्रांत एसएसडीसाठी एम-डॉट-टूची खाच. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी डिस्क काढून एसएसडी बसवली आणि ८ जीबीची १६ जीबी रॅम केली, की चौथ्या वर्षी यंत्र पहिल्या वर्षापेक्षा चपळ वाटायचं. विंडोज सुरू व्हायला लागणारी दीड-दोन मिनिटं काही सेकंदांवर यायची.

गेम्सच्या बाजूने वय जाणवलं ते हळूहळू. २०१५चा ‘द विचर ३’ या कार्डावर समाधानाने चालायचा. २०२०चा ‘व्हॅलोरंट’ तर अशा साध्या यंत्रांसाठीच बेतलेला. त्याच वर्षी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आला. आपल्या पुराणकथांवर आणि इथल्या वास्तुकलेवर उभा असलेला तो खेळ महागड्या कार्डाची मागणी करत नाही, आणि तो खेळताना होणारा आनंद निराळाच असतो. जून २०२१मध्ये एएमडीने एफएसआर हे तंत्र आणलं. त्यात कार्ड चित्र लहान आकारात काढतं आणि तंत्र ते मोठं करून दाखवतं. एनव्हिडियाचं स्वतःचं असंच तंत्र फक्त नव्या आरटीएक्स कार्डांपुरतं राखीव होतं. एएमडीचं मात्र एनव्हिडियाच्या १०५० टीआयवरही चालायचं. जुन्या कार्डांना आयुष्याची दोन-तीन वर्षं अशी प्रतिस्पर्धी कंपनीकडून मिळाली. मग दार बंद व्हायला लागलं. डिसेंबर २०२४चा इंडियाना जोन्सवरचा खेळ आणि मे २०२५चा ‘डूम: द डार्क एजेस’, दोन्हींना रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र उभं करण्याची, यंत्रणा कार्डातच असावी लागते. तिथे सेटिंग कमी करून भागत नाही.

ते समजण्यासारखं आहे. चित्रकलेचं तंत्र पुढे जाणारच. मला खटकतं ते विंडोजचं. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ७७००एचक्यू सातव्या पिढीचा, म्हणून यादीबाहेर. १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेलं, ऑफिसची आणि कॉलेजची कामं सहज उरकणारं यंत्र केवळ यादीमुळे बाद व्हावं, हे मला पटत नाही. सुरक्षेचे अपडेट नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळवता येतात, इतकीच मुदतवाढ. एनव्हिडियाने या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेम्सचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५मध्ये थांबवले. सुरक्षेपुरते ड्रायव्हर मात्र ऑक्टोबर २०२८पर्यंत देण्याचं जाहीर केलं आहे. म्हणजे कार्डाला तीन वर्षं अधिक, विंडोजला एकच.

इथे लिनक्स उपयोगी पडतं. स्टीम चालवणाऱ्या व्हाल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८मध्ये प्रोटॉन आणलं, आणि तेव्हापासून विंडोजसाठी लिहिलेले बरेचसे गेम लिनक्सवर थेट चालू लागले. ‘व्हॅलोरंट’सारखे, फसवणूक रोखण्यासाठी विंडोजच्या गाभ्यापर्यंत शिरणारे गेम चालत नाहीत. ‘विचर’ चालतो, ब्लेंडर चालतं, पायथन चालतं. घरातल्या धाकट्याला प्रोग्रॅमिंग शिकायला याहून चांगलं यंत्र विकत आणायची गरज नाही.

नवा घेणाऱ्यांसाठी मात्र दुकानातले प्रश्न बदलले आहेत. काही सडपातळ गेमिंग लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते आणि घेताना जी मिळेल तीच कायमची. म्हणून दिव्यांचे रंग पाहण्याआधी विचारावं, की रॅमचे स्लॉट दोन आहेत का, दुसऱ्या एसएसडीला जागा आहे का, चार्जिंगची मर्यादा लावता येते का, आणि वॉरंटी न मोडता खालचं झाकण उघडून पंखे साफ करता येतात का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शक्यतो लेखी घ्यावं.