दवाखान्याच्या सतरंजीवरचे वाचक

मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेलं की तपासणीला लागतात दहा मिनिटं आणि बाहेर ताटकळावं लागतं तासभर. बॉस्टन सिटी हॉस्पिटल या सरकारी इस्पितळातल्या काही डॉक्टरांनी आणि बालशिक्षिकांनी १९८९ साली हा बाहेरचा तासच हाताशी धरला. बॅरी झुकरमन आणि रॉबर्ट नीडलमन हे त्यातले दोन बालरोगतज्ज्ञ. त्यांच्याकडे येणारी बरीचशी कुटुंबं गरीब होती, आणि घरात मुलाचं म्हणावं असं एकही पुस्तक नसणं यात तिथे काही नवल नव्हतं. त्यांनी सुरू केलेल्या उपक्रमाचं नाव ‘रीच आउट अँड रीड’. आज अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत मिळून सहा हजारांहून जास्त दवाखान्यांत तो चालतो.

मूळ आखणी तीन कामांची. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतचं मूल नियमित तपासणीला आलं की डॉक्टर त्याच्या हातात एक नवं पुस्तक देतात, ते घरी न्यायचं. पुस्तक देता देता आईबापांशी वाचून दाखवण्याबद्दल बोलतात. आणि बाहेर, सतरंजीवर, स्वयंसेवक मुलांना गोष्टी वाचून दाखवतात. पहिल्या दोन कामांवर अभ्यास झाले आणि नावही त्यांचंच झालं. पुस्तक मिळालेल्या घरांतले पालक मुलांबरोबर पुस्तक बघण्यात जास्त रमतात, असं नीडलमन यांच्या १९९१ सालच्या पाहणीत दिसलं. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने अगदी तान्हेपणापासून मुलांना वाचून दाखवण्याची शिफारस केली.

मला जास्त ओढ आहे ती तिसऱ्या कामाची. कारण सतरंजीवर बसून वाचणारी काही ठिकाणी हायस्कूलची मुलंमुली असतात.

वाचणारं पोर पंधरा वर्षांचं असलं की शेजारी बसलेल्या आईला ते परीक्षा घेणारं वाटत नाही. तिथे एखादी अनुभवी शिक्षिका वाचत असती, तर ‘हे तिचं काम, आपल्याला कुठे जमणार’ असं म्हणून आई लांब राहिली असती. हे पोर अडखळतं, मधेच हसतं, वाघाचा आवाज काढताना थोडं लाजतं. तरीही दोन वर्षांचं मूल त्याच्याकडे एकटक बघत राहतं. आईला समोरच दिसतं, की गोष्ट शब्दन् शब्द वाचावी लागत नाही. चित्रावर थांबायचं, ‘मांजर कुठे लपली?’ विचारायचं, मुलाने बोट दाखवलं की ‘हो, पलंगाखाली! काय करतेय ती तिथे?’ म्हणून पुढे न्यायचं. पान उलटायचं ते मुलाने. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये नेमकी हीच रीत पालकांना शिकवून पाहिली. महिन्याभरात त्या घरांतली मुलं बोलण्यात इतरांच्या पुढे गेली. सतरंजीवरचा वाचक मुलाला अक्षरं शिकवायला बसलेला नसतो. तो आईबापांना वाचनाची रीत दाखवत असतो, आणि तीही उपदेशाचा एक शब्द न उच्चारता.

अशा वाचकांचा गट उभा करताना कामाचा खरा भार गोष्टींपेक्षा व्यवस्थेवर असतो. वाचकाचं स्वतःचं लसीकरण झालेलं हवं. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी त्याने यायचं नाही. मुलांबरोबर एकटं बसायचं नाही, नजरेच्या टप्प्यात एक मोठं माणूस कायम हवं. पुस्तकं जाड पुठ्ठ्याची, पुसता येणारी, कारण सहा महिन्यांचं बाळ पुस्तक आधी तोंडातच घालतं, आणि त्या वयात तेच त्याचं वाचन असतं. गोष्ट छोटी हवी. गोष्ट रंगात आली की नेमकी आतून हाक येते आणि मूल उठून जातं. याचं वाईट वाटून घ्यायचं नाही, हे नव्या वाचकाला पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. रडणाऱ्या किंवा आईला घट्ट बिलगलेल्या मुलाला बोलवायचं नाही. जरा अंतरावर बसून वाचायला लागायचं, यायचं असेल तर ते येतं.

वाचणारी मुलं टिकतात का, हा प्रश्न उरतोच. मेरिलँड राज्यात शालान्त प्रमाणपत्रासाठी पंचाहत्तर तासांची समाजसेवा सक्तीची आहे. अशी सक्ती पोरांना दारापर्यंत आणते. तिथून पुढे त्यांना टिकवून ठेवतं ते ठरलेला वार, ठरलेली जोडी आणि कुणीतरी ओळखणं. लहानांना शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांची स्वतःची त्या विषयातली समज आणि गोडीही वाढते, हे १९८२ साली पासष्ट अभ्यासांच्या एकत्र पडताळणीतून पुढे आलं. वाचनाकडे पाठ फिरवलेला नववीतला मुलगा चार वर्षांच्या पोरासाठी पुस्तक हातात घेतो, तेव्हा त्याला ‘बाळबोध’ पुस्तक उघडल्याची लाज वाटत नाही. मला या उपक्रमातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आपल्याकडे हे करायचं तर आखणी बदलावी लागेल. सरकारी लसीकरणात बाळ पहिल्या काही महिन्यांत, नंतर नवव्या महिन्यात आणि पुढे दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत आरोग्य केंद्रात येतं. मग थेट पाच-सहा वर्षांचं झाल्यावर. गोष्टींची खरी भूक लागते ती मधल्या वर्षांत, आणि तेव्हा तीन ते सहाची मुलं अंगणवाडीत असतात. म्हणून सतरंजी तिथे घालायला हवी, शेजारच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांनी आठवड्यातून एक ठरलेला तास जायला हवं, आणि पोरांना घ्यायला आलेल्या आया-आज्यांना दारात ताटकळत न ठेवता आत बसवायला हवं. पुस्तकांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. माधुरी पुरंदरे यांची चित्रमय पुस्तकं आहेत, आणि ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट वाचता, छापताही येतात. ज्या पाड्यावर घरची बोली वेगळी आहे, तिथे ती बोली येणारा वाचक आधी शोधावा. त्याने छापील मजकूर बाजूला ठेवून चित्रांवरून आपल्या बोलीत गोष्ट सांगितली तरी चालेल.