किड्यांची भीती येते कोठून?

पाऊस सुरू झाला की खालापूर तालुक्यातील साजगावसारख्या गावात पालापाचोळ्यातून आणि भिंतींच्या फटींतून नाना प्रकारचे जीव बाहेर पडतात. हात लावताच नाण्यासारखे वेटोळे करणारा ‘पैसा’, सरसर धावणारी घोण, दिव्याभोवती भिरभिरणारे पतंग. शास्त्रीय दृष्ट्या यांतील फक्त पतंग हाच कीटक. पण बोलण्यात आपण साऱ्यांनाच किडे म्हणतो. असा जीव घरात दिसला की आपला हात प्रथम केरसुणीकडे जातो. असे का व्हावे? ही भीती जन्मजात असते का?

याचे उत्तर माकडांवरील एका प्रयोगात सापडते. १९८० च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात सुसान मिनेका यांनी ऱ्हीसस माकडांचा अभ्यास केला. प्रयोगशाळेत वाढलेली माकडे सापाला भीत नव्हती. मात्र रानात वाढलेले माकड सापाला पाहून घाबरते, हे एकदा पाहताच तीही भिऊ लागली. चित्रफितीत फेरफार करून फुलाला भिणारे माकड दाखवले, तेव्हा मात्र फुलाची भीती उत्पन्न झाली नाही. म्हणजे काही प्राण्यांना भिण्याची तयारी उपजत असते. प्रत्यक्ष भीती आपण दुसऱ्याकडे पाहून शिकतो.

दुसरे कारण शहरी राहणी. जपानमधील फुकानो आणि सोगा या संशोधकांनी सुमारे १३,००० लोकांची पाहणी करून २०२१ साली निष्कर्ष मांडले. शहरात कीटक मुख्यतः घरातच दिसतात आणि घरात दिसलेल्या कीटकाची किळस अधिक वाटते. शिवाय कीटकांची ओळख कमी असली की किळस सरसकट साऱ्यांचीच वाटू लागते.

भीती नेहमीच निरर्थक असते असे मात्र नव्हे. पैसा चावत नाही. तो कुजका पाला खाऊन माती कसदार करतो. घोण मात्र चावते. कोकणातील लाल विंचवाचा दंश तर प्राणघातक ठरू शकतो. रायगड जिल्ह्यातीलच महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरले, आणि पूर्वी सुमारे ४० टक्के असलेले गंभीर रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. म्हणून विंचू चावल्यास मांत्रिकाकडे न जाता ताबडतोब दवाखाना गाठावा. विंचू तोच राहिला. ज्ञानाने धोका कमी झाला.

आता निसर्गरक्षणाचा विचार करा. ज्याची किळस वाटते त्याला वाचवावे असे कोणाला वाटेल? आपण पाला जाळतो, औषध फवारतो, रात्रभर दिवे लावतो. किडे कमी होतात, ओळख आणखी तुटते आणि भीती वाढते. यात काजवाही सापडतो. पावसाच्या तोंडावर कर्जतच्या वरच्या अंगाला, राजमाचीच्या रानात चमकणारे काजवे सर्वांना आवडतात. पण त्यांच्या अळ्या ओलसर मातीत, पाल्याखाली गोगलगाई खाऊन वाढतात. त्या अळीला ‘किडा’ म्हणून चिरडले, तर काजवा कोठून येणार?

करून पाहा : आठवडाभर रोज एक किडा हात न लावता, दुरून पाच मिनिटे पाहा. पाय मोजा, चित्र काढा, तो काय खातो ते लिहा. धाकट्या भावंडालाही शेजारी बसवा. ते किड्याकडे पाहील, तसेच तुमच्या चेहऱ्याकडेही पाहील. भ्यायचे की निरखायचे, हे ते तेथेच शिकणार आहे.